नऊ डागांचे सतरा कसे झाले?

पत्र: मी चौतीस वर्षांची असून डिचोली तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. जुलै २०२४ मध्ये उजव्या डोळ्याला अचानक धूसर दिसू लागले, डोळा फिरवताना दुखू लागले, आणि तपासण्यांअंती मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण दाहाने खराब होण्याचा आजार, असे निदान झाले. ऑगस्टमध्ये गोव्यातच मेंदूचा एमआरआय झाला. त्या अहवालात ‘नऊ डाग’, म्हणजे या आजाराने मेंदूत झालेल्या जखमांच्या नऊ खुणा, असे लिहिले होते. नोव्हेंबरपासून मी डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या न चुकता घेत आहे. त्यानंतर एकही झटका, म्हणजे डोळ्यासारखा अचानक उद्भवलेला नवा त्रास, आलेला नाही. गेल्या मे महिन्यात उकाड्याने तोच डोळा दोन-तीनदा मंदावला, पण घरी येऊन पंख्याखाली बसल्यावर तासाभरात पूर्ववत झाला. या जानेवारीत यजमानांच्या आग्रहावरून मुंबईला जाऊन मोठ्या मशीनवर एमआरआय केला. रात्रीच्या बसने गेलो. हल्ली मला लघवीला सारखे जावे लागते, म्हणून आदल्या दुपारपासून मी पाणी जवळजवळ घेतलेच नव्हते. त्या अहवालाच्या पहिल्या पानावर संगणकाने काढलेला रंगीत तक्ता आहे: एकूण डाग १७, नवीन ८, मेंदूची झीज वर्षाला ०.७ टक्के, आणि त्यापुढे लाल खूण. दिरांनी तो तक्ता मोबाइलवरच्या एका ॲपला दाखवला, तर ‘आजार जवळपास दुप्पट झाला आहे’ असे उत्तर आले. आमचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, औषध बदलायचे की नाही ते तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ठरवू. सासूबाई म्हणतात, चालती-बोलती बाई, हिला कसला आजार वाढला? मी शरीरावर विश्वास ठेवू की संगणकावर? यजमान म्हणतात तसे पुढचे सगळे स्कॅन मुंबईलाच करावेत का? आणि ताजे डाग उजळून दाखवणारे ते कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दर वेळी घेणे भागच आहे का?
एक शिक्षिका, डिचोली तालुका

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्रासोबत दोन्ही अहवालांच्या आणि डॉक्टरांच्या टिपणाच्या प्रती जोडल्यात हे फार बरे केलेत, कारण नुसत्या पत्रावरून मी वेगळेच उत्तर दिले असते. तीसहून अधिक वर्षे मी मेंदूचे स्कॅन वाचण्याचे काम केले आणि आता निवृत्त आहे. तुमचे औषध ठरवण्याचा अधिकार तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे, त्यात मी हात घालणार नाही, पण अहवालातल्या आकड्यांचा अर्थ लावणे हे माझे रोजचेच काम होते. तर मुंबईच्या अहवालाचे दुसरे पान उघडा. रंगीत तक्ता संपल्यावर, बारीक अक्षरांत, तिथल्या रेडिओलॉजिस्टने चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांचा आशय असा, की मागील स्कॅन शेजारी ठेवून पाहता दोन डाग निश्चितपणे नवीन दिसतात. उरलेल्या सहांबद्दल, दोन्ही स्कॅनच्या तंत्रात फरक असल्यामुळे, काही सांगता येत नाही. आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर एकही डाग उजळलेला नाही. संगणकाने आठ म्हटले, माणसाने दोन म्हटले, आणि तुमच्या घरात सगळ्यांनी वाचले ते आठ. यात तुमचा दोष नाही. यंत्राचा आकडा लाल रंगात दर्शनी पानावर आणि माणसाचे मत आतल्या पानावर, ही अहवालाची मांडणी मला स्वतःला मुळीच पटत नाही.

वजाबाकी शिकवताना तुम्ही मुलांना सांगतच असाल की नारळांतून आंबे वजा होत नाहीत. सतरातून नऊ वजा करणे हा तसलाच प्रकार आहे. ऑगस्टचा स्कॅन दीड टेस्ला ताकदीच्या मशीनवर झाला, आणि त्यातील चकत्या ५ मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येक दोन चकत्यांमध्ये १ मिलिमीटर जागा सोडून घेतलेल्या होत्या. मुंबईचा स्कॅन तीन टेस्लाचा, आणि तो १ मिलिमीटरच्या घनांनी, मध्ये कुठेही जागा न सोडता घेतलेला आहे. तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, जाड चकत्या केल्या आणि प्रत्येक दोन चकत्यांमधली एक पातळ चकती टाकून दिली, तर एखादी बी टाकलेल्या चकतीबरोबर जाते आणि एखादी जाड चकतीच्या पोटात दडून राहते. तेच तवसे कागदासारखे पातळ कापले तर सगळ्या बिया दिसतात, पण म्हणून तवशात नव्या बिया धरल्या असे आपण म्हणत नाही. तीन-चार मिलिमीटरचा डाग पहिल्या स्कॅनमध्ये फिका होऊन सुटून जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

या आजारात एमआरआयचा पहिला मोठा वापर झाला तोच मुळी या गोष्टीचा दाखला आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८१ साली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या दहा रुग्णांचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्या दहा जणांच्या मेंदूंत सीटी स्कॅनने मिळून १९ डाग दाखवले होते. नव्या यंत्राने ते १९ दाखवलेच, शिवाय आणखी ११२ दाखवले. त्या दहा जणांचा आजार एका दिवसात सातपट झाला नव्हता. बदलले होते ते यंत्र. तुमच्या दिरांच्या ॲपला ही गोष्ट कळण्याची सोय नव्हती, कारण त्याच्यासमोर ९ आणि १७ हे दोन आकडे ठेवले गेले, चित्रे ठेवली गेलीच नाहीत.

आता संगणकाचीही बाजू मांडायला हवी, नाहीतर माझ्यावर जुन्या माणसाचा राग काढल्याचा आरोप होईल. मी कामाला लागलो तेव्हा मागची आणि आताची फिल्म प्रकाशपेटीवर शेजारी-शेजारी लावायची आणि मेणाच्या पेन्सिलीने एकेक डागाभोवती खूण करत जायचे अशी पद्धत होती. रुग्ण दुसऱ्या वेळी मान जराशी वाकडी ठेवून झोपला असेल तर चकत्यांची पातळीच जुळत नसे. एका फिल्मवर ज्या उंचीला डोळ्यांच्या खोबण्या दिसत, त्या उंचीला दुसऱ्या फिल्मवर नुसते कपाळ असे. चाळीस डागांच्या मेंदूत एक्केचाळिसावा शोधताना डोळे शिणत, आणि जेवणानंतर वाचलेल्या स्कॅनमध्ये नवे डाग कमी निघतात अशी आमच्यात थट्टा चालत असे, ती निव्वळ थट्टा नव्हती. संगणक शिणत नाही. सकाळचा पहिला आणि रात्रीचा शेवटचा स्कॅन तो सारख्याच काटेकोरपणे मोजतो, आणि दोन स्कॅन सारख्या पद्धतीने घेतलेले असतील तर नवा डाग शोधण्यात तो थकलेल्या माणसापेक्षा सरस ठरतो, हे मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत स्वतः अनुभवले आहे.

तो हे कसे करतो ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या आठ आणि दोनचा घोळ तिथेच उलगडतो. एखाद्या कुळागराचा एक फोटो विहिरीपाशी उभे राहून काढला आणि दुसरा वर्षभराने बांधावरून काढला, तर नवी माड-पोफळ कुठली आणि आधी झाडाआड लपलेली कुठली, हे ओळखता येणार नाही. म्हणून संगणक प्रथम कवटी आणि त्वचा वगळून नुसता मेंदू वेगळा काढतो, मग दुसरा मेंदू वळवून, सरकवून पहिल्यावर तंतोतंत बसवतो, म्हणजे दोन्ही फोटो जणू एकाच जागेवरून काढल्यासारखे करतो. त्यानंतर दोन्हींचा उजेड एका पातळीवर आणतो, आणि मग एकातून दुसरा वजा करतो: जे होते तसेच आहे ते राखाडी होऊन मावळते, जे नवीन आहे ते उजळ उरते. मेंदू साधारण १२०० मिलिलिटरचा धरला तर १ मिलिमीटरच्या घनांचे हे १२ लाख ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपका डागाचा की निरोगी भागाचा हे ठरवायला अलीकडच्या प्रणाली तज्ज्ञांनी हाताने रेखून दिलेल्या जुन्या स्कॅनवरून शिकलेल्या असतात. मात्र ज्या जागेचे चित्र पहिल्या वेळी घेतलेलेच नाही, त्या जागेचा फोटो संगणक कुठून आणणार? तुमच्या पहिल्या स्कॅनमधली ती सोडलेली १ मिलिमीटरची जागा त्याने आजूबाजूच्या चकत्यांवरून अंदाजाने भरली, तिथे डाग नव्हता असे धरले, आणि जानेवारीत तिथे डाग दिसताच ‘नवीन’ म्हणून मोजला. सहा डाग असे अधांतरी लटकले आहेत.

शिवाय मोजणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या टोकांशी निरोगी माणसालाही थोडी पांढरी कड असते. रक्तवाहिनीतल्या प्रवाहामुळे उमटलेली छाया डागासारखी दिसते. अर्धशिशीच्या रुग्णांत बारीक पांढरे ठिपके असतात, त्यांचा या आजाराशी संबंध नसतो. संगणक यांतले काही चुकून डाग म्हणून मोजतो. उलट मेंदूच्या खालच्या भागातले, म्हणजे लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ यांतले डाग त्याच्या हातून सुटू शकतात, आणि नेमके तिथलेच डाग माणसाच्या चालण्या-बोलण्यावर जास्त परिणाम करणारे असतात. मस्तिष्कस्तंभातला चार मिलिमीटरचा एक डाग पोकळीलगतच्या चार डागांपेक्षा मला अधिक चिंतेचा वाटेल, पण तक्त्यात दोन्हींची नोंद नुसत्या संख्येने होते. तुमचे दोन नवे डाग अहवालानुसार ४ आणि ६ मिलिमीटरचे आहेत, एक पोकळीलगत आणि एक मेंदूच्या पृष्ठभागाखाली. मस्तिष्कस्तंभात एकही नाही.

हे दोन खरे आहेत असेच मी धरून चालतो. नवा डाग म्हणायला तो किमान ३ मिलिमीटरचा असावा असा संकेत आहे, आणि हे दोन्ही त्यात बसतात. प्रश्न आहे तो त्यांच्या तारखेचा, आणि औषध फसले की नाही हे सर्वस्वी त्यावर अवलंबून आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा. पहिला स्कॅन ऑगस्ट २०२४ चा, गोळ्या सुरू झाल्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे तीन महिने तुमच्यावर कुठलेच दीर्घकाळचे औषध नव्हते. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्या दिवसापासून संरक्षण मिळते असेही नाही. पूर्ण परिणाम बांधला जायला काही महिने जातात, सहा धरा. दोन स्कॅनमधल्या सतरा महिन्यांपैकी नऊ महिने असे गेले की ज्यांत डाग उमटला तर त्याचा दोष गोळ्यांना देता येणार नाही. ते दोन डाग त्या नऊ महिन्यांतले असतील तर औषध आपले काम नीट करीत आहे. नंतरच्या आठ महिन्यांतले असतील तर ते कमी पडत आहे. जानेवारीच्या स्कॅनवरून यातले काहीही ठरत नाही. एवढेच कळते की ते अगदी ताजे नाहीत, कारण नवा डाग कॉन्ट्रास्टने साधारण तीन आठवडे, क्वचित त्याहून बराच जास्त काळ उजळतो, आणि तुमचा एकही उजळला नाही.

ही अडचण इतकी सर्रास येते की युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञगटांनी २०२१ साली एकत्र येऊन ज्या शिफारशी केल्या, त्यांत औषध सुरू केल्यापासून तीन ते सहा महिन्यांनी एक नवा पायाभूत स्कॅन घ्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. पुढची सगळी तुलना त्या स्कॅनशी करायची, निदानाच्या वेळच्या स्कॅनशी नव्हे. तुमच्या बाबतीत तो २०२५ च्या पहिल्या सहामाहीत व्हायला हवा होता आणि तो राहून गेला. झाले ते झाले. आता जानेवारीचा स्कॅन हाच तुमचा पाया समजायचा. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टांनी लगेच औषध न बदलता तीन महिन्यांनी पुन्हा पाहू म्हटले, ते चालढकल म्हणून नव्हे. त्या स्कॅनमध्ये आणखी एखादा नवा डाग निघाला तर त्याची तारीख पक्की असेल, तो पूर्ण औषधाखाली उमटलेला असेल, आणि मग औषध बदलण्याची चर्चा जोरात व्हायला हवी. एकही निघाला नाही, तर दोन डागांचा संशयाचा फायदा गोळ्यांना द्यायला मी तयार होईन. तोवर स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका, आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची ठरलेली तपासणीही चुकवू नका.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मला नम्रपणे खोडावे लागेल, कारण ते मायेने काढलेले उद्गार असले तरी या आजाराच्या स्वभावाला धरून नाहीत. स्कॅनवर नवे डाग उमटण्याचे प्रमाण रुग्णाला जाणवणाऱ्या झटक्यांच्या पाच ते दहा पट असते. मेंदूत बरीच जागा अशी आहे की तिथल्या दुखापतीची दखल शरीर घेत नाही, आणि जिथे घेते तिथेही शेजारचे तंतू काही काळ काम उचलून नेतात. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे वाक्य खरे असूनही अपुरे असते. या आजारावरच्या औषधांची पारख करताना स्कॅनला इतके महत्त्व आले ते यामुळेच. उलट बाजूने, थोडे डाग म्हणजे सर्वनाशही नव्हे. मॅग्निम्स या युरोपीय गटाने २०१६ साली इंटरफेरॉन हे या आजारावरचे जुने औषध घेणाऱ्या रुग्णांवरून असे मांडले की पहिल्या वर्षात एकही झटका नाही आणि नवे डाग तीनपेक्षा कमी, अशा रुग्णांना पुढच्या काळात औषध निकामी ठरण्याचा धोका कमी गटात मोडतो. तुमचे औषध वेगळे आहे, शिवाय तुमचे सतरा महिने म्हणजे त्यांचे पहिले वर्ष नव्हे, म्हणून हा आडाखा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका. दोन या आकड्याने किती घाबरायचे त्याचा अंदाज यावा, एवढ्याचसाठी तो सांगितला.

मे महिन्यातला मंदावलेला डोळा हा नवा झटका नव्हता. शरीराचे तापमान वाढले की जुन्या जखमेच्या तंतूंतून संदेश नीट वाहत नाही आणि थंडावा मिळाला की पूर्ववत होतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच याचे वर्णन केले आहे. गोव्याच्या मे महिन्यातल्या घामट दुपारी हे होणारच. चोवीस तासांहून अधिक टिकले, किंवा ताप नसताना आणि थंडाव्यात बसूनही गेले नाही, तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

आता ती ०.७ टक्क्यांची लाल खूण. मला विचाराल तर अहवालातल्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वात कमी विश्वासाची आहे, आणि नेमकी तीच सर्वात भीतिदायक दिसते. निरोगी तरुण माणसाच्या मेंदूचे आकारमान वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्क्यांनी घटते. या आजारात, विशेषतः उपचार न घेणाऱ्यांत, ०.५ ते १.३ टक्क्यांपर्यंत घट नोंदली गेली आहे. त्यामुळे मोठ्या गटांची तुलना करताना, एखादे औषध मेंदू राखते की नाही हे तपासताना, हा आकडा मोलाचा असतो. एका व्यक्तीच्या दोन स्कॅनवर तो लावला की पंचाईत होते. वर्षाला ०.७ म्हणजे सतरा महिन्यांत जवळपास १ टक्का. १२०० मिलिलिटरच्या मेंदूत तो १२ मिलिलिटर, म्हणजे चहाचे अडीच चमचेही नाहीत. एकाच मशीनवर, एकाच माणसाचे, लागोपाठ दोन स्कॅन केले तरी नावाजलेल्या प्रणालींच्या मोजणीत ०.१५ ते ०.२ टक्क्यांचा फरक पडू शकतो. मशीन बदलले, चुंबकाची ताकद बदलली, चकत्यांची जाडी बदलली की तो फरक कितीतरी वाढतो. खरे तर पहिला स्कॅन इतक्या जाड चकत्यांचा असताना हा आकडा काढायलाच नको होता; बऱ्या प्रणाली अशा वेळी ‘तुलना शक्य नाही’ असे सांगून गप्प बसतात.

आणि तुम्ही पाणी न पिता गेला होतात. पत्रात हे तुम्ही प्रवासाची गैरसोय म्हणून लिहिलेत, पण माझी नजर तिथेच अडली. जर्मनीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना १६ तास पाण्याविना ठेवून स्कॅन केले, तेव्हा मेंदूचे आकारमान सरासरी ०.५५ टक्क्यांनी घटलेले आढळले, आणि पाणी पाजल्यावर ते भरून आले. तुमच्या १ टक्क्यातला अर्ध्याहून अधिक भाग आदल्या दुपारपासून न प्यायलेल्या पाण्याचा असू शकतो. भरीला, पहिल्या स्कॅनच्या वेळी मेंदूत ताजा दाह आणि थोडी सूज होती. उपचाराने सूज उतरली की मेंदू आकसल्यासारखा मोजला जातो, ती पेशींची झीज नसते. लाल खुणेवर तुम्ही मनातल्या मनात एक फुली मारा. झिजेबद्दल बोलायचे तर एकाच मशीनवरचे, निदान दोन-तीन वर्षांचे स्कॅन हाती असावे लागतात.

कॉन्ट्रास्टचा प्रश्न तुम्ही भीतीने विचारला आहे. गॅडोलिनियम या धातूची संयुगे त्यात असतात, आणि वारंवार घेतल्यास त्याचा अत्यल्प अंश मेंदूत साठून राहतो हे जपानी डॉक्टरांनी २०१४ मध्ये दाखवले; त्या साठ्यामुळे मेंदूला इजा होते असे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये त्यांतल्या जास्त साठणाऱ्या प्रकारच्या काही औषधांचा वापर थांबवला. जानेवारीत तुम्हाला ते दिले हे योग्यच झाले, कारण तुलनेला चांगला जुना स्कॅन नसताना डाग ताजा की जुना हे कळण्याचा तोच एक मार्ग होता. पण एकदा धड पायाभूत स्कॅन हाती आला की नेहमीच्या देखरेखीसाठी दर वेळी इंजेक्शन आवश्यक नाही. २०२१ च्या शिफारशी हेच सांगतात. एप्रिलच्या स्कॅनच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा. गरोदरपणाची शक्यता असेल किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर ते आधी सांगायलाच हवे.

स्कॅन कुठे करायचा याबाबत यजमानांचे मत अर्धे बरोबर आहे. एप्रिलचा स्कॅन मुंबईलाच, त्याच केंद्रात, त्याच मशीनवर करा, कारण एक महत्त्वाचा निर्णय जानेवारीशी होणाऱ्या त्या एका तुलनेवर अवलंबून आहे आणि तिथे मशीन बदलून पुन्हा घोळ घालण्यात अर्थ नाही. मात्र त्यापुढची दहा-वीस वर्षे दर वर्षी मुंबई गाठत राहाल असे मला वाटत नाही, आणि तशी गरजही नाही. तीन टेस्ला हवेच असा आग्रह नको. दीड टेस्लाचे मशीनही या कामाला पुरते. गोव्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असो की खासगी केंद्रात, जिथे जाल तिथे तंत्रज्ञाला आधी इतकेच विचारा की मल्टिपल स्क्लेरोसिसच्या देखरेखीचा फ्लेअर स्कॅन (डाग पांढरे उठून दिसतात तो एमआरआयचा प्रकार) त्रिमितीय, १ मिलिमीटरचा घेता येतो का, आणि दर वर्षी हीच सेटिंग ठेवाल का. होकार मिळाला की मग ती जागा सोडू नका. गोव्यातल्या पहिल्या वर्षी संगणकाचा तक्ता पुन्हा काही अधांतरी ‘नवीन’ दाखवेल. त्या वर्षी माणसाच्या चार ओळी वाचायच्या.

फिल्मपेक्षा सीडी सांभाळा, आणि तिच्यात निवडक चित्रे नसून सगळ्या चकत्या मूळ डायकॉम स्वरूपात आहेत याची केंद्रातच खात्री करून घ्या. घरी आल्यावर तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे सीडीला बुरशी धरते, हा माझा कटू अनुभव आहे. संगणकाने वेगळे रंगवलेले चित्र दिले असेल तर तेही ठेवा, पण पुढच्या डॉक्टरांना मूळ चित्रेच लागतात.

राहिली एक गोष्ट, जी तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. झटका आलेला नाही असे तुम्ही म्हणता, आणि त्याच पत्रात हल्ली लघवीला सारखे जावे लागते म्हणून पाणी टाळल्याचेही लिहिता. ही तक्रार तुमच्या डॉक्टरांच्या टिपणात कुठे दिसली नाही, म्हणून ती तुम्ही त्यांना सांगितलेली नसावी असा माझा कयास आहे. आपल्याकडच्या बायका हे सांगायला संकोचतात आणि शाळेत दिवसभर तहान मारून बसतात. साधा मूत्रसंसर्गही हे करतो, म्हणून आधी लघवीची तपासणी करून घ्या. ती स्वच्छ निघाली, तर मज्जारज्जूतल्या डागाने असे होऊ शकते, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये मज्जारज्जू येत नाही, त्यामुळे सतराच्या तक्त्यात त्याची नोंद असण्याचा प्रश्नच नाही. हा त्रास कोणत्या महिन्यापासून सुरू झाला ते आठवून लिहून ठेवा, गोळ्यांच्या आधीपासून की नंतर हेही लिहा, आणि एप्रिलची वाट न पाहता याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टांना दाखवा. त्यांना वाटले तर मज्जारज्जूचाही एमआरआय त्याच वेळी उरकता येईल. आणि एप्रिलमध्ये मुंबईला रात्रीच्या बसने जाऊ नका. थिवीहून दिवसाची रेल्वे घ्या, तिच्या डब्यात स्वच्छतागृह असते, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवून ती वाटेत संपवा.